गुण आणि गुपित

युन्नान बाययाओ या चिनी औषधाच्या छोट्या बाटलीत भुकटीबरोबर एक लाल गोळी असते. नेहमीच्या जखमेला भुकटी पुरते. जखम जिवावर बेतणारी असेल तर आधी ती लाल गोळी घ्यायची, असा संकेत आहे. चीनच्या नैऋत्येकडील युन्नान प्रांतात छ्यू ह्वानचांग या वैद्याने १९०२ च्या सुमारास हे औषध सिद्ध केले. १९३८ मध्ये जपानी फौजांशी लढणाऱ्या युन्नानी सैनिकांनी ते सोबत बाळगले, त्याच वर्षी छ्यूचा मृत्यू झाला, आणि १९५५ मध्ये त्याच्या पत्नीने औषधाची कृती नव्या साम्यवादी सरकारच्या स्वाधीन केली. तेव्हापासून ती राष्ट्राचे गुपित म्हणून जपली जाते. आज हे औषध चीनमध्ये घरोघरी आहे, आणि हाडांच्या व सांध्यांच्या शस्त्रक्रियांच्या आगेमागे रक्तस्राव आवरण्यासाठीही ते दिले जाते.

आपल्याकडे खेड्यापाड्यांत झाडपाल्याचे औषध देणारी माणसे एक गोष्ट हमखास सांगत आली आहेत: औषध कशाचे आहे ते सांगितले की त्याचा गुण जातो. या समजुतीला मी हसत नाही. ज्या माणसाच्या घरात तीन पिढ्यांची जमापुंजी म्हणजे एक मुळी आणि तिची ओळख एवढीच असते, त्याने ती झाकून ठेवावी हे समजण्यासारखे आहे. परंतु तीच समजूत जेव्हा एखादे राज्ययंत्र कायद्याने पाळते, आणि गुपित असलेले ते औषध गुडघा उघडून ठेवलेल्या माणसाच्या रक्तात पोहोचते, तेव्हा प्रश्न वैद्याच्या पोटापाण्याचा उरत नाही. शस्त्रक्रियेच्या काळात रक्ताच्या वाहण्यावर किंवा गोठण्यावर परिणाम करणारे कोणतेही औषध, मग ते कितीही प्राचीन असो, त्यात काय आहे हे उपचार करणाऱ्यांना ठाऊक असल्याशिवाय आणि योग्य मोजमापाने तपासले गेल्याशिवाय रुग्णाला देऊ नये, असे माझे मत आहे. हा नियम चीनला लागू आहे आणि आपल्यालाही.

सांधेरोपणात रक्ताची नेमकी अडचण काय असते, हे आधी पाहायला हवे. गुडघा बदलताना हाडे कापली जातात, आणि कापलेल्या हाडातून येणारे रक्त रक्तवाहिनीसारखे चिमट्यात धरून बांधता येत नाही. रक्तस्राव आवरण्याची आजची औषधे रूढ होण्यापूर्वी अशा एका शस्त्रक्रियेत एक ते दीड लिटर रक्त जाणे नवलाचे नव्हते, आणि त्यातले जवळपास निम्मे डोळ्यांना दिसतच नसे. ते सांध्याभोवतीच्या ऊतींत मुरत असे. दुसरीकडे, त्याच पायात त्याच दिवसांत रक्त नको तिथे गोठू लागते. प्रतिबंधक औषध न देता शिरांचे चित्रण केले, तेव्हा शंभरांतल्या चाळीस ते साठ रुग्णांच्या पायांत गुठळ्या आढळल्याच्या नोंदी आहेत. बहुतेक गुठळ्या मुकाट्याने विरून जातात, परंतु एखादी सुटून फुप्फुसाच्या धमनीत अडकली तर चालताबोलता माणूस काही मिनिटांत जातो. म्हणून पहिल्या दिवशी रक्त थांबायला हवे आणि पुढचे दोन ते पाच आठवडे ते शिरांत गोठता कामा नये. दोन विरुद्ध दिशांची ही कामे एकाच शरीरात, ठरलेल्या क्रमाने आणि ठरलेल्या तासांना करावी लागतात.

चिनी वैद्यकाचा दावा नेमका इथेच आकर्षक वाटतो. सान्छी नावाचे मूळ रक्त थांबवते आणि तरीही साकळू देत नाही, असे तिथले वैद्य शतकानुशतके सांगत आले आहेत. ही वनस्पती जिनसेंगच्या कुळातली असून युन्नानमधील वनशान हा तिच्या लागवडीचा प्रमुख प्रदेश आहे, आणि बाययाओचा ती मुख्य घटक मानली जाते. सोळाव्या शतकातल्या ली शिचन याने आपल्या औषधकोशात तिची नोंद केली आणि सोन्याच्या मोलानेही न मिळणारी असे तिचे नाव दिले. रक्त थांबवणारे आणि मोकळे ठेवणारे एकच औषध असेल, तर सांधेरोपणाला याहून सोयीचे काय असणार?

हा दावा ऐकताच झटकून टाकणाऱ्यांशी मी सहमत नाही, कारण त्याला रसायनशास्त्राचा काही आधार आहे. कच्च्या सान्छीमध्ये डेन्सिचिन हे अमिनो आम्ल असते आणि रक्त थांबवण्याचा गुण त्याच्याकडे दिला जातो. त्याच मुळातील सॅपोनिन गटाची द्रव्ये रक्तकणिकांना (प्लेटलेटना) एकमेकींना चिकटण्यापासून रोखतात. मूळ वाफवले की डेन्सिचिन घटते आणि पारडे दुसऱ्या बाजूला झुकते. कच्चे वेगळे आणि शिजवलेले वेगळे, हा भेद चिनी वैद्यांनी प्रयोगशाळा नसताना ओळखला, हे त्यांच्या निरीक्षणाचे मोठेपण आहे. परंतु यातूनच पुढची अडचण उभी राहते. दोन विरुद्ध द्रव्ये एका मुळात आहेत म्हणून ते मूळ आपणहून योग्य वेळी योग्य दिशा निवडील, असे होत नाही. कोणते द्रव्य किती आहे, ते रक्तात किती तास टिकते आणि शस्त्रक्रियेच्या घडीला कोणाचे बळ जास्त असेल, यांवर सगळे अवलंबून असते. मुळाची जात, मातीचा कस, काढणीचा हंगाम आणि वाफवण्याचा वेळ बदलला की हे प्रमाण बदलते. दोन्ही दिशांना काम करणारे औषध हे एका दिशेच्या औषधापेक्षा अधिक काटेकोरपणे मोजावे लागते, आणि नेमके तेच आज सर्वांत सैल हाताने मोजले जाते.

डेन्सिचिनची आणखी एक ओळख महाराष्ट्राच्या, विशेषतः विदर्भाच्या वाचकाला चकित करील. रासायनिकदृष्ट्या हे तेच द्रव्य आहे जे आपल्या लाखेच्या डाळीत असते. दुष्काळात गरिबाच्या ताटात महिनोन्‌महिने हीच डाळ आली की पायांतले बळ कायमचे जाते, आणि म्हणून १९६१ मध्ये देशात तिच्या विक्रीवर बंदी घालण्यात आली. तिच्यातील हे विषारी द्रव्य भारतीय शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये वेगळे काढून दाखवले. म्हणून सान्छीच्या काही मात्रांनी कोणी पांगळा होईल असे मी सुचवीत नाही. तो आजार मोठ्या प्रमाणात आणि दीर्घकाळ खाण्याने होतो. मात्र एकच रेणू एका प्रदेशात औषध म्हणून आणि दुसऱ्या प्रदेशात विष म्हणून ओळखला जातो, ही माहिती रुग्णापुढे आणि डॉक्टरापुढे असायला हवी की नको? घटक लपवलेल्या बाटलीवर हा प्रश्न विचारण्याची सोयच नसते.

ही भीती काल्पनिक नाही. २०१३ मध्ये हाँगकाँगच्या आरोग्य खात्याला युन्नान बाययाओच्या काही उत्पादनांत वेष्टनावर न लिहिलेली बचनागाच्या कुळातील अल्कलॉइडे, म्हणजे विषारी द्रव्ये, आढळली आणि ती उत्पादने बाजारातून परत घ्यावी लागली. पुढच्या वर्षी चीनमधील वेष्टनावर बचनागाच्या जातीच्या मुळाचा उल्लेख आला. प्रक्रियेत त्याचे विष निघून जाते, असा कंपनीचा खुलासा होता. बचनाग आपल्या वैद्यांना नवा नाही. शोधन केल्याशिवाय तो वापरू नये ही शिस्त दोन्ही परंपरांत आहे, कारण त्याचे विष हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवते. भूल दिलेल्या रुग्णाच्या हृदयाची लय अचानक बिघडली, तर भूलतज्ज्ञ कारण शोधताना क्षारांचे प्रमाण पाहील, भुलीची औषधे पाहील, जुना हृदयविकार आठवील. रुग्णाने आदल्या आठवड्यात बचनाग घेतला असेल हे त्याच्या मनातही येणार नाही. एक शतकाहून अधिक काळ लाखो लोकांनी हे औषध घेतले तेव्हा त्यात बचनाग आहे हे त्यांना माहीत नव्हते, आणि त्यांपैकी कोणाला काय झाले असेल याचा हिशेबही कोणाकडे असणे शक्य नव्हते.

आता परिणामाच्या पुराव्याकडे वळू. चिनी वैद्यकात ज्याला साकळलेले रक्त म्हणतात, ती कल्पना शिरेतल्या गुठळीपेक्षा फार विस्तृत आहे. एकाच जागी टोचणारे दुखणे, काळवंडलेली जीभ, मार लागून उठलेला निळा डाग, अडलेली पाळी, हे सारे तिच्यात येते. या कल्पनेला एकोणिसाव्या शतकात नवा आकार देणारा वांग छिंगरन हा मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत जिव्हाळ्याचा माणूस वाटतो. जुन्या ग्रंथांतील अवयवांची वर्णने त्याला पटत नव्हती, म्हणून १७९७ च्या साथीत दगावलेल्या मुलांची उघडी पडलेली प्रेते पाहायला तो रोज दफनभूमीत जात राहिला, आणि १८३० मध्ये पूर्वसूरींच्या चुका दुरुस्त करणारा ग्रंथ त्याने प्रसिद्ध केला. त्यात त्याच्याही चुका होत्या. प्रेताच्या छातीच्या पोकळीत साठलेले रक्त पाहून तिथे रक्ताचे निवासस्थान असते असे त्याने मानले, आणि त्या निवासातले रक्त मोकळे करणारा त्याचा काढा आजही चीनमध्ये सर्रास दिला जातो. शरीररचनेची कल्पना चुकीची असूनही काढा गुणकारी असू शकतो, हे मी मान्य करतो. कारण औषधाचा गुण त्याच्या स्पष्टीकरणावर अवलंबून नसतो. मात्र मग गुण स्वतंत्रपणे सिद्ध करावा लागतो, आणि काळवंडलेल्या जिभेवर उतारा पडला म्हणून मांडीतली गुठळी टळली असे धरून चालता येत नाही.

सांधेरोपणानंतर असे काढे दिल्याचे जे चिनी अभ्यास प्रसिद्ध होतात, त्यांपैकी पुष्कळांत हीच गफलत असते. रुग्णांची संख्या लहान असते, कोणाला काढा मिळाला हे रुग्णाला व डॉक्टरला दोघांनाही माहीत असते, आणि मोजले जाते ते पायाची सूज किंवा रक्तातील डी-डायमर, म्हणजे गुठळी विरघळताना सुटणारा प्रथिनाचा तुकडा. डी-डायमर तर कोणत्याही मोठ्या शस्त्रक्रियेनंतर वाढतोच. त्याचा आकडा खाली आला म्हणजे फुप्फुसात गुठळी जाण्याचा धोका कमी झाला, हे त्यातून सिद्ध होत नाही.

संख्येचे महत्त्व किती असते, याचे उदाहरण अॅस्पिरिनचे घ्यावे. सव्वाशे वर्षांची, एकाच ज्ञात रेणूची, अतिशय स्वस्त गोळी. खुबा किंवा गुडघा बदलल्यावर ती रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिनच्या इंजेक्शनाइतकी उपयोगी पडते का, हे पाहण्यासाठी ऑस्ट्रेलियात ९,७११ रुग्णांवर चाचणी झाली आणि २०२२ मध्ये तिचे निष्कर्ष आले. नव्वद दिवसांत लक्षणे देणाऱ्या गुठळ्या अॅस्पिरिनच्या गटात ३.४५ टक्के रुग्णांना आणि इंजेक्शनाच्या गटात १.८२ टक्के रुग्णांना झाल्या. हा फरक साठ रुग्णांच्या अभ्यासात दिसला असता का? प्रत्येक गटात तीस माणसे घेतली तर अपेक्षित गुठळ्यांची संख्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला अर्धी येते. अशा अभ्यासात काढा उत्तम ठरला काय किंवा निरुपयोगी ठरला काय, दोन्ही निष्कर्षांना सारखेच थोडे वजन आहे.

यावर चिनी वैद्यकाचे समर्थक सांगतात की त्यांचे उपचार माणसागणिक बदलतात, त्यामुळे एकाच साच्याची चाचणी त्यांच्यावर अन्याय करते. या आक्षेपात तथ्य आहे, पण तो इथे लागू होत नाही. बाययाओची बाटली कारखान्यातून येते आणि सर्वांना सारखीच मिळते. शिवाय वैद्याला हवी ती औषधयोजना करू देऊनही रुग्णांची विभागणी चिठ्ठ्या टाकून करता येते. बाययाओवर अशी चाचणी करणे अशक्य नाही, हे चिनी संशोधकांनीच दाखवले आहे: जबड्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी बाययाओ किंवा तिच्यासारखीच दिसणारी निष्क्रिय कॅप्सूल देऊन, रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही अंधारात ठेवून केलेली त्यांची चाचणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. रुग्ण शंभराहून कमी होते, रक्तस्राव घटल्याचे दिसले. ही सुरुवात चांगली होती. जे जबड्यासाठी करता आले ते गुडघ्यासाठी, हजारो रुग्णांवर आणि गुठळ्यांची मोजदाद ठेवून का करू नये?

दुसरा आक्षेप असा की आधुनिक औषधेही कुठे शुद्ध आणि सोवळी आहेत? रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉर्फरिनची कुळकथा सडलेल्या गवतापासून सुरू होते. ते खाऊन अमेरिकेत गुरे रक्तस्रावाने मरत, आणि १९३९ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात त्यातले द्रव्य वेगळे काढले गेले. हेपरिन तर आजही डुकराच्या आतड्यांतून काढतात. २००८ मध्ये चीनमधून गेलेल्या कच्च्या हेपरिनमध्ये भेसळ निघाली आणि अमेरिकेत रुग्ण दगावले. हे सगळे खरे आहे, आणि म्हणूनच मला ते माझ्या म्हणण्याच्या बाजूचे वाटते. हेपरिनमध्ये काय असायला हवे हे नेमके ठाऊक होते, म्हणून काय असायला नको ते थोड्या आठवड्यांत ओळखता आले. ज्याची मूळ कृतीच गुपित आहे, त्यातली भेसळ कोणी कशाशी ताडून पाहायची?

आशियाई ज्ञानाला पाश्चात्त्य जग दारात उभे करत नाही, अशी तक्रारही या चर्चेत वारंवार येते. सांधेरोपणातला रक्तस्राव आज जगभर ज्या औषधाने आवरला जातो ते ट्रानेक्झॅमिक आम्ल जपानचे आहे. उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी बाळंतपणातल्या रक्तस्रावाने मरणाऱ्या स्त्रियांसाठी औषध शोधताना ते घडवले आणि १९६२ मध्ये जगापुढे मांडले. दीर्घकाळ त्याची पुरेशी दखल घेतली गेली नाही, हे अन्यायाचेच होते. २०१० मध्ये चाळीस देशांतील वीस हजारांहून अधिक अपघातग्रस्तांवरील चाचणीचे निष्कर्ष आले, त्यात भारतीय रुग्णालयेही होती, आणि मग ते सर्वत्र पोहोचले. हिवतापावरील औषधासाठी चिनी शास्त्रज्ञ तू योयो यांना २०१५ चे नोबेल मिळाले तेही जुन्या चिनी ग्रंथातील वनस्पतीतून एक द्रव्य वेगळे काढून, तपासून, जाहीर केल्यामुळे. दोन्ही ठिकाणी दार उघडले ते रेणू उघड केल्यावर.

हा प्रश्न चीनपुरता नाही हे मला माझ्या आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी उमगले. भरती होताना तिने सगळ्या गोळ्यांची यादी लिहून दिली होती. रात्री भूलतज्ज्ञांनी सहज विचारले, “आजी, काढा-बिढा काही घेता का?” तेव्हा ती म्हणाली, “औषध नाही हो, नुसता लसूण आणि अर्जुनसालीचा काढा घेते, हृदयाला बरा असतो म्हणून.” ती दोन वर्षे रोज तो घेत होती. यादीत का लिहिला नाही, असे मी विचारले तेव्हा तिला माझ्या प्रश्नाचेच नवल वाटले. लसणामुळे रक्तकणिकांचे चिकटणे कमी होऊ शकते, आणि म्हणून तो औषधी प्रमाणात घेत असल्यास शस्त्रक्रियेआधी सात दिवस थांबवावा असा सल्ला २००१ पासून भूलशास्त्राच्या साहित्यात आहे. पण जो काढा औषधांत मोजलाच जात नाही तो थांबवणार कोण? हाँगकाँगच्या डॉक्टरांनी १९९० च्या दशकात नोंदवलेले रुग्ण याच प्रकारचे होते. वॉर्फरिन चालू असताना त्यांनी दानशन हे चिनी मूळ घेतले आणि त्यांचे रक्त धोक्याच्या पातळीपर्यंत पातळ झाले. त्यांनी काही लपवले असेल असे मला वाटत नाही. त्यांना कोणी नीट विचारलेच नसेल.

कायदा मात्र दोन्ही देशांत उलट दिशेने सैल होत गेला आहे. चीनने २०१८ मध्ये शंभर प्राचीन योगांची यादी प्रसिद्ध केली. त्यांवर आधारित औषधांना मान्यतेसाठी रुग्णांवरील चाचण्यांची अट नाही. आपल्याकडेही औषध नियमावलीच्या २०१० मधील दुरुस्तीनुसार, ग्रंथांत जशी सांगितली आहेत तशीच बनवलेली व त्याच उपयोगासाठी विकली जाणारी आयुर्वेदिक औषधे सुरक्षिततेच्या नव्या अभ्यासाशिवाय परवाना मिळवू शकतात. खोकल्याच्या चूर्णापुरती ही सवलत मी समजू शकतो. पण ज्या ग्रंथकारांनी ते योग सांगितले, त्यांच्यापुढे सांधा बदललेला, हेपरिन चालू असलेला आणि पाठीच्या कण्यात भूल दिलेला रुग्ण कधी नव्हताच. त्यांचा आधार त्यांनी कधी न पाहिलेल्या परिस्थितीसाठी घेणे हा त्यांच्यावरही अन्याय आहे. सुश्रुताने रक्त थांबवण्याचे संधान (जखम आकसून जोडणे), स्कंदन (रक्त गोठवणे), पाचन (जखमेवर भस्म लावणे) आणि दहन (डागणे) असे चार उपाय सांगितले, आणि एक निष्फळ ठरला तर दुसरा घ्यावा असेही सांगितले. म्हणजे उपाय निष्फळ ठरतो की नाही हे पाहत राहणे त्याने गृहीत धरले होते.

आधुनिक आणि पारंपरिक उपचार एकत्र देणारे एकात्म वैद्यकाचे विभाग आपल्या रुग्णालयांत उघडत असताना दोन गोष्टी आताच ठरवता येतील. शस्त्रक्रियेआधीच्या प्रपत्रात औषधांच्या रकान्याखाली काढा, चूर्ण, भस्म, आसव, तेल, परदेशातून नातेवाइकांनी आणलेल्या कॅप्सूल यांची नावे घेऊन विचारणारा वेगळा रकाना असावा, आणि तो परिचारिकेने रुग्णाशेजारी बसून, रुग्णाच्या भाषेत भरावा. उत्तर काहीही आले तरी रागावू नये. आणि शस्त्रक्रियेच्या दोन आठवडे आधीपासून पाच आठवडे नंतरपर्यंत, ज्याचे सर्व घटक आणि त्यांचे प्रमाण लेखी मिळत नाही असे कोणतेही मिश्रण रुग्णालयाच्या औषधपत्रावर चढवू नये. युन्नानच्या त्या बाटलीलाही याच अटीवर जागा मिळावी. तिच्या मालकांना ती हवी असेल, तर कृती औषध नियामकाकडे आणि चाचणी करणाऱ्या डॉक्टरांकडे उघड करावी, ट्रानेक्झॅमिक आम्लाशी तुलना करावी, आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेलेल्या रक्ताबरोबरच पुढच्या नव्वद दिवसांतली प्रत्येक गुठळी मोजावी.